संस्थेचे उपकार कसे फेडायचे? सोलापूरच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मुलगी सात वर्षांची. रक्ताचा कॅन्सर, एएलएल. मुंबईत परळला उपचार झाले. सुरुवातीचे आठ महिने एका संस्थेच्या मोफत निवासात काढलेत, पुढे मेंटेनन्सच्या, म्हणजे रोग उलटू नये म्हणून द्यायच्या, गोळ्या घरून चालल्या, आणि गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्या बंद केल्या. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. त्या दिवशी केंद्रातल्या सोळा कुटुंबांना गोडाधोडाचं जेवण, मुलांना खेळणी आणि संस्थेला ११,००० रुपये द्यायचं तुमच्या मनात आहे. अमेरिकेतले दीरही काही पाठवतो म्हणताहेत. संस्थेनं मुलीचा फोटो आणि तुमची हकिगत पुस्तिकेसाठी मागितली आहे. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही लिहिलंत, "एवढे उपकार कसे फेडायचे तेच कळत नाही."

खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. जेवण, खेळणी, रक्कम हे सगळं त्याच्या पोटातून आलेलं. म्हणून आधी त्याबद्दल. संस्थेच्या कुठल्याही वहीत तुमच्या नावावर येणं लिहिलेलं नसतं. ज्यांनी देणगी दिली त्यांनी ती देऊन टाकली, विषय संपला. अशी निवासं निघाली ती मुळात एका अडचणीवर: रोगावर औषध आहे, पण ते चालू असेपर्यंत मुंबईत राहायचं कुठे, याला उत्तर नाही. ते उत्तर नसल्यामुळे लोक बरं होऊ शकणारं लेकरू अर्ध्या उपचारातून गावी घेऊन जात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती कितीतरी वर्षांपासून रुग्णांना आसरा देत आल्या आहेत. केवळ कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड या संस्थेनं २००६ मध्ये मुंबईत पहिलं केंद्र काढलं, तेही याच कारणानं. त्यामुळे या क्षेत्रातल्या कुठल्याही संस्थेला विचारा, तिचं सगळ्यात मोठं समाधान एकच असतं. मूल उपचार पूर्ण करून तपासणीच्या तारखेला ओपीडीत उभं दिसलं की त्यांना पावलं.

तेव्हा पहिलं आभारप्रदर्शन म्हणजे तपासणीची एकही तारीख चुकवायची नाही. हे बोलायला सोपं आहे. गोळ्या बंद झाल्या, पोर खेळायला लागलं, केस आले, की वर्षभरानं प्रवासाचे पैसे जड वाटायला लागतात आणि "आता चांगलीच आहे की" म्हणून तारीख राहून जाते. रोग उलटण्याची भीती गोळ्या बंद झाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत जास्त असते. त्यानंतरही काही औषधांचे हृदयावर आणि वाढीवर उशिरा होणारे परिणाम बघत राहावे लागतात. म्हणून पुढच्या वर्षभरातले मुंबईचे फेरे, रक्ताच्या तपासण्या आणि उपचारासाठी सोसायटीचं किंवा सावकाराचं काही काढलं असेल तर त्याचे हप्ते, हे आधी बाजूला काढा. त्यातून उरेल ते देण्याचं. उपचाराचं कर्ज अंगावर असताना कानातलं मोडून देणगी देणारी माणसं असतात. ती देणगी घेताना संस्थेलाही बरं वाटत नाही.

आता बाकीचं. यातलं बरंच त्या केंद्राच्या नियमांवर, तिथल्या मुलांच्या त्या आठवड्यातल्या काउंटवर, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या आकड्यावर, आणि तुमच्या ऐपतीवर अवलंबून आहे. म्हणून काहीही ठरवण्याआधी केंद्रप्रमुखांना किमान पंधरा दिवस आधी फोन करा. "आम्हाला हे द्यायचंय, चालेल ना?" असं विचारलंत तर समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. त्याऐवजी "या महिन्यात तुमच्याकडे काय कमी पडतंय?" असं विचारा.

जेवणाचा बेत मी तुमच्या जागी असते तर सोडून दिला असता. कारणं तुम्ही स्वतः जगलेली आहेत, फक्त आनंदात ती विसरायला होतात. केमो चालू असलेल्या मुलाच्या पांढऱ्या पेशी कधी पडतील सांगता येत नाही, आणि त्या पडलेल्या असताना बाहेरचं, खूप आधी केलेलं किंवा उघड्यावर ठेवलेलं अन्न म्हणजे तापाला आमंत्रण. खव्याचे पेढे, मलईचा केक, कोशिंबीर, चटण्या हे सगळं त्यात आलं. सोळातली दोन-चार मुलं स्टिरॉइडच्या आठवड्यात असणार. त्यांची भूक वखवखलेली असते आणि साखर वाढलेली. त्यांच्यासमोर बासुंदी ठेवायची आणि त्यांच्या आईनं ती हिसकायची, हा प्रसंग कुणालाच नको असतो. अ‍ॅस्परॅजिनेज हे केमोचं औषध चालू असलेल्या मुलाला स्वादुपिंडाच्या भीतीनं तेलकट-तुपकट कमी दिलेलं असतं. मेथोट्रेक्सेट या औषधानं तोंड आलेल्या पोराला आपली शेंगाची चटणी दाखवायचीसुद्धा नाही. आईबापांसाठी मात्र ती जरूर न्या, कडक भाकरीसकट. आठ महिने फिकं शिजवून खाणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळते.

जेवणाऐवजी शिधा देता येतो, कारण बहुतेक केंद्रांत प्रत्येक कुटुंब आपलं आपण शिजवतं. पण तिथं बंगालचं, बिहारचं, उत्तर प्रदेशचं कुटुंब आहे हे लक्षात ठेवा. ज्वारीचं पीठ नेलंत तर ते पडून राहील. तांदूळ, तूरडाळ, मसूर, साखर, मीठ, सीलबंद तेल, एवढं सगळ्यांना चालतं. तेलात मोहरीचं किती घरांना हवं आणि शेंगदाण्याचं किती, ते फोनवर विचारून घ्या. फळं द्यायची तर सोलून खाता येतील अशी, केळी किंवा मोसंबी, आणि तीही केंद्रानं मागितली तरच. फुलं, हार, गुच्छ अजिबात नाहीत. फुलदाणीच्या पाण्यात आणि कुंडीच्या मातीत बुरशी असते. तुम्हाआम्हाला तिचं काही होत नाही, या मुलांच्या फुप्फुसात ती उतरू शकते.

खेळण्यांचा नियम एकच: पुसता आलं पाहिजे. मऊ अस्वल, ससा, बाहुली दिसायला गोड, पण त्यांत धूळ बसते, शिंक-लाळ मुरते आणि ती या मुलाकडून त्या मुलाकडे फिरतात. त्यापेक्षा प्लास्टिकचे ठोकळे, जाड पानांची चित्रांची पुस्तकं, खडूंच्या पेट्या आणि रंगवायच्या वह्या चांगल्या. तीन वर्षांखालच्या मुलासाठी बारीक भाग सुटणारं काही नको. बटणासारखी बॅटरी असलेलं तर कुठल्याच वयाला नको. सगळं नवंच हवं. घरातली जुनी खेळणी कितीही चांगली असली तरी तिकडे नेऊ नका. आणि हो, सोळा कुटुंबं म्हणजे सोळा मुलं नव्हेत. बरोबर आलेली धाकटी-थोरली भावंडंही असतात आणि खेळणं वाटताना हमखास त्यांनाच वगळलं जातं. त्यांचा आकडा वेगळा विचारा.

पण मला विचाराल तर तुम्ही सोलापूरच्या आहात आणि तुमचे मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, यापेक्षा मोठी सोय नाही. टॉवेल द्या. चादर नको. आपली सोलापुरी चादर जाड असते, मुंबईच्या पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर राहिली की तिला वास येतो. टॉवेल पातळ आणि सुती घ्या, कुटुंबाला चार, म्हणजे चौसष्ट. दोन अंगाला, दोन मुलाच्या उशीवर टाकायला. केमोच्या दिवसांत उलटी होते, केस गळतात, सारखं धुणं निघतं. रंग फिका घ्या, रक्ताचा किंवा उलटीचा डाग दिसला पाहिजे. नवीन टेरी टॉवेलचे सुटे धागे मुलाच्या नाकातोंडात जातात, म्हणून एकदा गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून, घडी घालून द्या. त्यावर नाव-बिव छापू नका. पुढून बटणं असलेले सुती शर्ट हाही असाच एक कामाचा प्रकार. छातीला पोर्ट किंवा हाताला पिक लाइन, म्हणजे औषध द्यायची नळी, बसवलेल्या मुलाचा सदरा डोक्यावरून काढणं म्हणजे रोजचं रडं असतं.

वाढदिवसाला मुलीला घेऊन जायचं का? गोळ्या नुकत्या थांबल्यात. प्रतिकारशक्ती सावरायला साधारण सहा महिने जातात, राहिलेल्या लसीही डॉक्टर त्यानंतरच सांगतात. म्हणजे गर्दीत जाणं तिच्याही हिताचं नाही. शिवाय तुमच्या वाड्यात, तिच्या भावंडांच्या शाळेत कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला असेल तर तीन आठवडे तुमच्यापैकी कुणीही तिकडे फिरकू नका. कांजिण्या अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, आणि केमोवरच्या मुलाला त्या जिवावर बेतू शकतात. यात आणखी एक नाजूक बाजू आहे. ज्या खोलीसमोर तुम्ही केक कापाल, त्या खोलीतल्या बाईला कदाचित त्याच सकाळी मुलाचा रोग उलटल्याचं सांगितलेलं असेल. म्हणून वाढदिवस घरी करा, सामान दुसऱ्या दिवशी पोचवा.

पैशांकडे येते. ११,००० एकदम देण्यापेक्षा दरमहा ५०० रुपये बावीस महिने दिलेत तर रक्कम तीच होते, पण संस्थेला ती जास्त उपयोगी पडते. भाडं, वीजबिल, सफाई, समुपदेशकाचा पगार हे दरमहाचे खर्च आहेत, आणि सणावाराला आलेल्या देणग्यांवर ते चालत नाहीत. बँकेतून आपोआप वळती होण्याची सोय करून घ्या. अमुक मुलाच्या औषधालाच वापरा, अशी अटही घालू नका. अट असलेला पैसा कधीकधी अडकून पडतो आणि नेमका पाण्याचा पंप बिघडलेला असतो. पावती मात्र हक्कानं मागा. ८०-जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची, वजावट तुम्हाला कितपत लागू होईल ते तुमच्या उत्पन्नावर आहे. शेतीचंच उत्पन्न असेल किंवा नवी करप्रणाली घेतली असेल तर तिचा उपयोग नाही, आणि रोखीनं २,००० रुपयांच्या वर दिलेल्या रकमेवर ती मिळत नाही. संस्था पॅन किंवा आधार मागेल. त्यात संशयाचं काही नाही, देणगीदारांची यादी त्यांना आयकर खात्याकडे भरावी लागते.

दिरांचं वेगळं आहे. त्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर ते स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत सरळ देऊ शकतात, ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगी ठरते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. "माझ्या खात्यावर पाठवा, मी पुढे देते" ही आडवाट टाळा. कायद्याच्या नजरेत हात बदलला तरी पैसा परदेशीच राहतो आणि निस्तरावं संस्थेला लागतं.

एक बाजूचा मुद्दा, कारण तो नेहमी येतो. मदतीतली काही रक्कम रुग्णालयात मुलीच्या नावाच्या खात्यात शिल्लक असेल तर समाजसेवा विभागात जाऊन विचारा आणि ती दुसऱ्या मुलाकडे किंवा देणाऱ्या संस्थेकडे वळवायला लेखी संमती द्या. उरलेल्या गोळ्या मात्र कुणाला परस्पर देऊ नका. सहा-एमपी या केमोच्या गोळीचा किंवा मेथोट्रेक्सेटचा डोस मुलाच्या अंगाच्या मापानं आणि काउंट बघून ठरतो, तुमच्या मुलीचा डोस शेजारच्या मुलाला विष होऊ शकतो. फ्रिजमधली इंजेक्शनं दोन ते आठ अंशांत राहिली की नाही हे प्रवासानंतर कुणीच सांगू शकत नाही. सगळं रुग्णालयाच्या औषधालयात परत न्या. कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नका.

आता फोटो आणि हकिगत. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्यानं तुमची पुढची मदत थांबत नाही. कुणी थांबेल असं सुचवलंच तर ती संस्था चुकते आहे. हो म्हणायचं असेल तर आधी विचार मुलीचा करा. आज ती सात वर्षांची आहे. वीस वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीला किंवा लग्नाच्या बोलणीला कुणी तिचं नाव इंटरनेटवर शोधलं तर टक्कल असलेला फोटो आणि रोगाचं नाव पुढे येऊ द्यायचं का, हे तिनं ठरवायचंय, आपण नाही. म्हणून नाव बदलून, गाव न सांगता, पाठमोरा किंवा नुसत्या हातांचा फोटो द्या. तिनं काढलेलं चित्र दिलंत तर त्याहून उत्तम. संमतीपत्रावर कुठे छापणार, किती दिवस वापरणार आणि नंतर काढून टाकायला सांगता येईल का, या तीन ओळी आहेत का बघा. फाइल नंबर दिसणारा कागद कधीच देऊ नका. आणि मुलीला विचारा. सात वर्षांच्या पोराला मत असतं.

पत्र मात्र जरूर लिहा. पण "तुमच्यामुळे माझी मुलगी वाचली, तुम्ही देवासारखे" एवढंच लिहिलंत तर वाचणाऱ्याचे डोळे भरतील आणि कागद फाइलला लागेल. संस्थेला पुढच्या देणगीदारासमोर ठेवायला आणि स्वतःचं काम सुधारायलाही तपशील लागतो. असं काहीसं लिहा: "खोली मिळाली नसती तर आम्हाला रोज लांबून लोकलनं यावं लागलं असतं. केंद्राच्या गाडीमुळे पोरीला एकदाही लोकलच्या गर्दीत न्यावं लागलं नाही. रात्री दोनला ताप चढला तेव्हा अमुक ताईंनी गाडी बोलावली, आम्ही लगेच कॅज्युअल्टीत पोचलो. एक गोष्ट अवघड गेली: पहिल्या आठवड्यात सूचना हिंदीतच होत्या, माझ्या सासूबाईंना त्या कळल्या नाहीत." अर्थात तुमच्या बाबतीत जे घडलं तेच. ही शेवटची उणिवेची ओळ गाळू नका. कौतुकाच्या पत्रात आलेली तक्रार माणूस मनावर घेतो.

ज्या ताईंनी गाडी बोलावली त्यांना साडी, सोनं, पाकीट काही देऊ नका. बहुतेक ठिकाणी त्यांना घेता येत नाही, आणि घेतलं तर ज्या कुटुंबाला काही देणं शक्य नाही ते मनातून ओशाळतं. त्यांचं नाव त्या पत्रात लिहा आणि एक प्रत त्यांच्या वरिष्ठांना पाठवा. पगारवाढीच्या वेळी साडी नाही, तो कागद कामी येतो.

तुमच्याकडे पैशांपेक्षा मोठी पुंजी आहे ती कागदपत्रांच्या अनुभवाची. तुमच्या तालुक्यातून पुढचं कुटुंब परळला निघेल तेव्हा ते कशात अडकेल हे तुम्हाला ठाऊक आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण नेमकं रेशनकार्डावर लहान मुलीचं नावच चढवलेलं नसतं. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. उत्पन्नाचा दाखला जुना. मग बाप मुंबई-गाव-मुंबई फेऱ्या मारतो आणि पोराची केमो लांबते. एका कागदावर मराठीत लिहून काढा: कोणता दाखला कुठल्या कार्यालयातून, किती दिवसांत, सोबत काय न्यायचं, किती झेरॉक्स. तहसीलमध्ये कोणत्या खिडकीला, इतकं बारीक. तो कागद केंद्राला आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला द्या. हे काम दुसरं कुणी तुमच्याइतकं चांगलं करू शकणार नाही.

नव्या पालकांशी बोलायला या, असंही संस्था सुचवेल. घाई करू नका. तुमची स्वतःची भीती अजून ओली आहे, प्रत्येक तपासणीआधी झोप उडते. सहा महिने-वर्ष जाऊ द्या. बोलाल तेव्हा खोली, डबा, धुणं, शाळा यांवर बोला. कुठलं औषध चांगलं आणि आमच्या डॉक्टरांनी काय केलं, यात शिरू नका. रोग एकच नाव सांगतो, पण प्रत्येक मुलात वेगळा वागतो.

रक्तदानाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. गावात मोठं शिबिर घ्यावंसं वाटेल. जरूर घ्या, ते रक्त सोलापूर भागातल्या रुग्णांना लागेल. पण परळच्या मुलांना रोजची टंचाई असते ती प्लेटलेटची, आणि प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. एका दिवशी दोनशे पिशव्या जमवून तो प्रश्न सुटत नाही. तुमच्या गावची जी पोरं मुंबईत नोकरीला आहेत, त्यांच्यातली दहा-बारा जणांची यादी करून रुग्णालयाच्या रक्तपेढीला द्या. एसडीपीसाठी, म्हणजे एकाच दात्याच्या रक्तातून यंत्रानं फक्त प्लेटलेट काढून घ्यायला, दाता अठरा वर्षांवरचा, चांगल्या वजनाचा, ठसठशीत शीर असलेला आणि आदल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन न घेतलेला हवा. वेळ तास-दीड तास लागतो. एका दात्याकडून जेवढ्या प्लेटलेट मिळतात तेवढ्यासाठी एरवी साध्या रक्ताच्या पाच-सहा पिशव्या लागतात. दिवाळी आणि मे महिन्यात कॉलेजं बंद असतात तेव्हा दाते आटतात, तेव्हाच्या तारखा आधी वाटून घ्या. मुलगी मोठी झाल्यावर "मीपण देणार" म्हणेल. तिला तेव्हा समजावून सांगावं लागेल, कारण रक्ताचा कॅन्सर झालेल्याचं रक्त घेत नाहीत.

आणखी एक फोन करायचाय. आठ महिन्यांत तुमच्या शेजारच्या एखाद्या खोलीतलं मूल गेलं असेल. आपलं मूल बरं झालं म्हणून त्यांना तोंड दाखवायला संकोच वाटतो, आणि त्यांना वाटतं सगळे विसरले. वाढदिवसाचं सांगू नका, फक्त कशा आहात विचारा आणि त्या मुलाचं नाव घ्या. बाकी कुणी घेत नसतं.

टॉवेल पोचवायला वेगळी खेप करू नका, पुढच्या तपासणीच्या तारखेलाच जोडून घ्या. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं येत असाल तर रुग्णालयाकडून रेल्वे सवलतीचा दाखला आधी भरून घ्या. तपासणीच्या प्रवासालाही ती चालते. स्लीपर आणि थ्री-टायर एसीत मुलीचं तिकीट माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. तिकीट खिडकीवरच काढावं लागेल, आणि दाखल्यावरचं नाव आधारशी जुळतंय ना, तेवढं तिथंच तपासून घ्या.